साळूबाईचे निष्कलंक पूर्वज

बाळांनो, शेपट्या आवरून नीट बसा. एका जंगलात झाडांपेक्षा कायदे जास्त उगवत. तिथे फणसाखालच्या बिळात साळूबाई नावाची साळिंदरीण राहत होती. बीळ पणजोबांनी उकरलेलं. पदरात दोन पोरं. बरं चाललं होतं.

एके दिवशी सिंहमहाराजांनी फर्मान काढलं, "ज्याच्या तीन पिढ्यांची नावं आणि पत्ता चर्चच्या नाहीतर कोर्टाच्या दप्तरात सापडेल, त्याचंच बीळ. शनिवारपर्यंत कागद आणा."

शेजारचा तरस बिळात डोकावून म्हणाला, "साळूबाई, जाताना झाडून घ्या हं. मला धूळ सोसत नाही."

साळूबाई टेकडीवरच्या जुन्या चर्चमध्ये गेली. तिथे वटवाघूळ फादर होते. ते उलटे लटकून वही वाचत, त्यामुळे आधी मयत यायचे, मग लग्नं आणि शेवटी बाप्तिस्मे. तीन तासांनी ते ओरडले, "सापडले गं तुझे आजोबा! ऐक. 'आज साळिंदराच्या बाळाचा बाप्तिस्मा होता. बाळाला उचललं. लगेच खाली ठेवलं. बाप्तिस्मा पुढे ढकलला.'"

"मग पुढे?"

"पुढे सतरा पानं तेच. उचलायला कोणी तयार नाही."

"पण फादर, नाव?"

"नाव बाप्तिस्मा झाल्यावर लिहितात, बाई."

साळूबाई कोर्टात गेली. तिथे दप्तर सांभाळायला एक म्हातारं कासव होतं.

"गुन्हा कोणता?" कासवाने विचारलं.

"कोणाचा?"

"तुमच्या आजोबांचा. गुन्ह्याशिवाय फाईल कशी शोधू?"

"अहो, त्यांनी कधी कोणाचं वाकडं केलं नाही."

"वडिलांनी?"

"ते तर अगदी देवसाळिंदर."

"एखादी शिवीगाळ? बांधावरून डोकी फोडणं? आठवा जरा."

"नाही हो."

कासवाने दुःखाने मान कवचात ओढून घेतली. आतून आवाज आला, "इतकं वाया गेलेलं खानदान मी पाहिलं नव्हतं."

तेवढ्यात तरसाची फाईल आली. ती दोन गाढवांनी आणली. चार पिढ्या, एकोणीस खटले. प्रत्येकात बापाचं नाव, आजाचं नाव, सगळं सुवाच्य अक्षरात.

शनिवारी दरबार भरला. महाराजांनी तरसाचा कागद वाचला, "'आरोपी फणसाखालच्या बिळात घुसला असता मुद्देमालासह सापडला.' वा! पिढ्याही आहेत, बीळही आहे."

"महाराज, त्याचा आजा चोरी करायला आला होता!" साळूबाई कळवळली.

"आला होता ना? तसा कागद आहे. तुमचे आजोबा तिथे होते याला कागद कुठे आहे?"

दरबार हसला. तरसही हसला, पण तो नेहमीच हसतो.

साळूबाईने पोरांकडे पाहिलं. मग ती शांतपणे पुढे झाली, महाराजांचा पानाचा डबा उचलला आणि काखोटीला मारला.

"चोर! चोर!" एकच गिल्ला झाला.

कासव आयुष्यात पहिल्यांदा धावत आलं. "आरोपीचं नाव?"

"साळू."

"बापाचं?"

"काटोबा. त्यांच्या वडिलांचं भालोबा, आणि त्यांच्या वडिलांचं..."

"इतकी लागत नाहीत, बाई."

"लिहा हो, कागदाला जागा आहे."

"राहणार?"

"फणसाखालचं बीळ. ठळक लिहा."

शिक्का बसला. साळूबाईने डबा परत केला, नक्कल मागून घेतली आणि महाराजांपुढे धरली.

महाराजांनी दोन्ही कागद पाहिले. आयाळ खाजवली. कायदा त्यांचाच होता.

"तरसाच्या कागदात 'घुसला' आहे. हिच्या कागदात 'राहणार' आहे," ते नाइलाजाने म्हणाले. "बीळ हिचं. आणि चोरीची शिक्षा म्हणून हिने महिनाभर त्या बिळाबाहेर पडायचं नाही!"

कासवाने तेही लिहून घेतलं. साळूबाईने त्याचीही नक्कल मागितली.

तात्पर्य : जन्मभर सज्जनपणे वागावं, पण एकदा तरी पकडलं जावं. नाहीतर नातवंडांनी आपल्याला शोधायचं कुठे?