खरबंधांची निगा

विद्यापीठाच्या पेण उपकेंद्राच्या ग्रंथालयात अकरा हजार दोनशे पुस्तके, चौदा कपाटे, एक साहाय्यक ग्रंथपाल आणि एक शिपाई होते. साहाय्यक ग्रंथपालांचे नाव नमिता, शिपायाचे दाजी. वाचकाने पुस्तकाचे नाव सांगायचे, दाजींनी उठून ते आणायचे आणि नमिताने नोंद करायची, अशी तिथली पद्धत होती. ही पद्धत सव्वीस वर्षे सुरळीत चालली होती आणि त्यामुळेच ती अखेर मुख्यालयाच्या नजरेत आली.

जुलै महिन्यात परिपत्रक आले. यापुढे कोणतेही पुस्तक कपाटात शोधू नये, असा आदेश होता. पुस्तक आधी ‘ग्रंथगवसणी’ या ऑनलाइन प्रणालीत शोधावे. ते सापडले की प्रणाली शोधपावती देईल. पावती निघाल्याखेरीज कोणी पुस्तकास हात लावू नये. वाचकांना साधा शोध करता येईल. कर्मचाऱ्यांसाठी मात्र स्वतंत्र ‘कर्मचारी शोध’ असून त्यात एकवीस रकाने भरायची सोय केलेली आहे.

सहाव्या कलमात दाजींचे नाव न घेता दाजींचा विचार केला होता. कर्मचाऱ्यांच्या स्मरणात असलेल्या पुस्तकांच्या जागा हा अनधिकृत अभिलेख समजण्यात येईल आणि तो पंधरा दिवसांत मुख्यालयात जमा करावा, असे त्यात म्हटले होते. स्मरण जमा कसे करायचे, असे दाजींनी नमिताला विचारले. नमिताने मुख्यालयाला विचारले. मुख्यालयाने निरंक अहवाल पाठवायला सांगितले. त्याप्रमाणे दाजींना काहीही आठवत नाही, असे त्यांच्या सहीनिशी कळवण्यात आले. दाजींना आयुष्यात पहिल्यांदाच पोचपावती मिळाली.

ऑगस्टच्या एका सकाळी ठमाबाई आली. कासू स्टेशनापासून तासभर चालत गेले की खाडीच्या काठी तिचे गाव लागते. गावाची भातशेती समुद्रसपाटीच्याही खाली. खाडीचे पाणी मातीच्या बांधाने अडवलेले आणि बांधात एक लाकडी दरवाजा. त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला उघाडी आपोआप उघडते आणि शेतातले पावसाचे पाणी बाहेर सोडते. भरतीला आपोआप मिटते आणि खारे पाणी बाहेरच ठेवते. ती कुजली होती. आठ दिवसांवर श्रावण अमावास्येचे उधाण होते. खारे पाणी एकदा आत शिरले, तर साठ घरांच्या शेतात तीन वर्षे भात उगवला नसता.

गावात नवी उघाडी करू शकणारा कोणी उरला नव्हता. शेवटची उघाडी ठमाबाईच्या सासऱ्याने, कान्हूने, केली होती. मोरू सुतार तेवढा तयार होता. तो तेव्हा हमरापूरला गणपतींसाठी लाकडी खोकी ठोकत होता. घराचा दरवाजा सांगाल तसा करतो, म्हणाला, पण पाण्याच्या जोरावर उघडमिट करणाऱ्या दरवाजाचे माप दिल्याखेरीज हात घालणार नाही. ते माप एका पुस्तकात होते. साठेक वर्षांपूर्वी एका ओव्हरसियरने कान्हूला विचारून विचारून ‘खारबांधांची निगा’ नावाचे पुस्तक छापले होते. ठमाबाईने ते नवी नवरी असताना घरात पाहिले होते. ते पुढे पेणच्या ग्रंथालयात गेले, हे तिला शेजारच्या गावच्या दाजींनीच सांगितले होते.

नमिताने तिला बसवले, पाणी दिले आणि शोध सुरू केला. ‘खारबांध’ टाकल्यावर प्रणालीने शून्य निकाल दाखवले. नुसते ‘खार’ टाकल्यावर दोनशे सात आले. त्यांत खारीक लागवड होती, खारी बिस्किटांचा गृहउद्योग होता आणि झाडावरच्या खारीवरची एक बालकविताही होती. दाजी चौथ्या कपाटाकडे बघत उभे होते. कपाटाला काच होती. काचेमागे दुसऱ्या खणात तांबड्या पाठीचे एक पुस्तक होते आणि त्याच्या पाठीवरचे नाव नमिताला खुर्चीतून वाचता येत होते.

“मॅडम, ता काय हाय,” दाजी म्हणाले.

नमिताने त्यांना निरंक अहवालाची आठवण करून दिली. त्यांना काही आठवत नाही, असे रेकॉर्डवर होते. दाजींनी खुलासा केला, की आपल्याला आठवत नसून दिसत आहे. नमिताने परिपत्रक पुन्हा वाचले. दिसण्याबाबत त्यात तरतूद नव्हती.

दुपारपर्यंत तिने एकवीसच्या एकवीस रकाने भरून पाहिले. तीनच्या सुमारास, पृष्ठसंख्या आणि पुस्तकाची उंची टाकल्यावर, ते सापडले. प्रणालीत त्याचे नाव होते ‘खरबंधांची निगा’. ज्या कंपनीला नोंदीचे काम दिले होते, तिने सगळी नावे आधी इंग्रजी अक्षरांत टाइप केली आणि मग यंत्राकडून मराठीत परतवून घेतली. विषय ठरवण्याचे कामही यंत्राकडेच होते. यंत्राचे मराठी चांगले असल्यामुळे ‘खर’ म्हणजे गाढव हे त्याला ठाऊक होते. त्यावरून पुस्तक पशुसंवर्धनात गेले. पशुसंवर्धन हा विषय रोहा उपकेंद्राला दिलेला होता. म्हणून शेऱ्यात लिहिले होते : रोहा, एक प्रत, उपलब्ध.

नमिताने कंपनीच्या मदतकक्षाला फोन लावला. तिथल्या प्रणित नावाच्या तरुणाने सगळे आस्थेने ऐकून घेतले. दुरुस्ती अगदी सोपी आहे, म्हणाला. पुस्तक ज्या शाखेत नोंदलेले आहे त्या शाखेने ते हातात घेऊन क्रमांक टाकायचा, की दोन मिनिटांत पेणला वर्ग होईल. पुस्तक पेणमध्येच आहे, समोरच्या काचेच्या कपाटात दिसते आहे, असे नमिताने सांगितले. मग ते आधी रोह्याला पाठवा, तो म्हणाला. पाठवण्यासाठी पेणची शोधपावती लागेल, हे त्यानेच पुढे सांगितले. पेणची पावती निघत नाही, असे नमिता म्हणाली. बरोबर, निघणारच नाही, कारण पुस्तक रोह्याला आहे, असे त्याने समजावले आणि सेवेला पाचपैकी किती तारे देणार, ते विचारले. नमिता वळणाची मुलगी होती. तिने चार दिले.

ठमाबाईला यातले एकच कळले, की पुस्तक रोह्याला आहे. दाजींनी परोपरीने सांगितले, की ते चौथ्या कपाटात आहे. “मशीन खोटा कशाला बोलंल?” ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसून रोह्याला गेली.

रोह्याचा ग्रंथालय साहाय्यक साईराज हुशार होता. त्याने ‘खरबंध’ टाकताच पहिल्याच फटक्यात पावती निघाली. ठमाबाईचा आनंद मावेना. साईराज पावती घेऊन पशुसंवर्धनाच्या कपाटाशी गेला. गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या सगळे जागेवर होते. हे पुस्तक नव्हते. पावती निघून पुस्तक न मिळाल्यास ते चोवीस तासांत ‘गहाळ’ दाखवायचे, असा नियम होता. त्याने ते दाखवले. पुस्तक गहाळ होताच प्रणालीने आपण होऊन चौकशी सुरू केली. या पुस्तकाबद्दल शेवटचा फोन कुणी केला होता, ते तिने शोधले आणि नमिताला नोटीस पाठवली : रोहा येथून गहाळ झालेले पुस्तक आपल्या काचेच्या कपाटात दिसत असल्याबद्दल आपण स्वतः फोनवर कबुली दिली आहे, तरी आपल्याविरुद्ध कारवाई का करू नये?

नमिता त्या संध्याकाळी घरी जेवली नाही. नोकरी कंत्राटी होती आणि मुदत मार्चमध्ये संपत होती. कुलूप उघडून पुस्तक द्यावे, तर चोरी सिद्ध होत होती. न द्यावे, तर गाव बुडत होते. तिचे आजोळही खाडीकाठचे. खारे पाणी शिरलेले शेत तिने लहानपणी पाहिले होते. दुपारच्या उन्हात ते मिठाने पांढरे दिसायचे आणि मामी त्याच्याकडे पाठ करून बसायची.

अमावास्येला चार दिवस उरले असताना ठमाबाई परत आली. ती रागावलेली नव्हती. ती फक्त काचेजवळ जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ त्या तांबड्या पाठीकडे बघत राहिली.

“गो बाय,” ती नमिताला म्हणाली, “मना ता वाचाचा नाय. मना वाचता येतच नाय. मना निस्ता बगाचा हाय.”

त्याच वेळी दाजी आतून दुसरेच एक परिपत्रक घेऊन आले. ते आठवडाभर पंख्याखाली फडफडत होते आणि कुणी वाचले नव्हते. मुख्यालयाने स्वच्छता पंधरवडा जाहीर केला होता. प्रत्येक कपाट उघडावे, पुस्तके बाहेर काढावीत, पानन् पान कोरड्या फडक्याने पुसावे आणि पुसलेल्या पानांची छायाचित्रे पुरावा म्हणून ग्रुपवर टाकावीत, असे त्यात होते. कामात स्थानिक समाजातील किमान पाच स्वयंसेवक असावेत, ही अटही होती. नमिताने ते तीनदा वाचले. शोधपावतीचा उल्लेख कुठेही नव्हता. पुस्तक शोधायला पावती लागत होती, धूळ शोधायला लागत नव्हती.

“मावशी,” तिने विचारले, “उद्या झाडलोट करायला याल? येताना चार माणसं आणा. मोरू सुतारालाही.”

दुसऱ्या दिवशी पाच स्वयंसेवक हजर झाले. रीतसर हजेरीपत्रकावर ठमाबाईने अंगठा दिला. दाजींनी चौथे कपाट उघडले. एकेचाळिसाव्या पानावर उघाडीचे चित्र होते. ते पान पुसायला पाच माणसांना अडीच तास लागले. मोरूने फडक्याऐवजी टेप आणली होती. फळ्या किती, बिजागरी कुठे, दरवाजा किती कलता बसवायचा, हे सगळे त्याने खोक्याच्या पुठ्ठ्यावर उतरवून घेतले. एके ठिकाणी तो अडला. दोन फळ्यांमधली फट चित्रात कळेना. ठमाबाईने वाकून पाहिले आणि लगेच म्हणाली, की तिथे सासरा दोरखंड ठोकून बसवायचा, तेलात भिजवलेला. तिला अक्षर येत नव्हते, पण चित्र येत होते.

मग मोरूने चित्राखालची बारीक ओळ वाचून दाखवली. ‘ही माहिती कान्हू यांनी तोंडी दिली.’ ठमाबाईने कुठे ते विचारले. मोरूने बोट ठेवले. तिने त्या जागेवरून पदराचे टोक हळूच फिरवले. तिथे धूळ नव्हती. तिने पुन्हा एकदा फिरवले. दाजींनी खिडकीबाहेर बघून घेतले.

नमिताने नियमाप्रमाणे त्या पानाची सहा छायाचित्रे ग्रुपवर टाकली. मुख्यालयाकडून सहा अंगठे आले. पुस्तक पुसून जागच्या जागी ठेवले गेले आणि कागदोपत्री रोह्याहून गहाळच राहिले.

मोरूने गणपतींची खोकी दोन दिवस तशीच ठेवली. अमावास्येच्या आदल्या दिवशी अख्ख्या गावाने चिखलात उतरून उघाडी बसवली. उधाण आले. पाणी बांधाच्या माथ्याला वीतभर कमी इतके चढले, दरवाजावर आपटले आणि दरवाजा मिटून बसला. पहाटे ओहोटी लागली तेव्हा तो किंचित कुरकुरत उघडला आणि आतले गोडे पाणी वाहू लागले. श्रावण संपला होता आणि गणपतीला तीन दिवस होते, म्हणजे माशांचा मुहूर्त अचूक होता. ठमाबाई शेताच्या खाचरातला मोठा जिताडा घेऊन पेणला आली. नमिताने सांगितले, की आपण सरकारी काम केले, त्याचे काही घेता येत नाही. ठमाबाईने जिताडा दाजींकडे दिला. दाजींनी तो तिथेच दोन भागांत कापला.

नोटिशीचे पुढे काही झाले नाही, कारण मुख्यालयात त्याहून मोठी घडामोड सुरू होती. तिमाही आढाव्यात दिसून आले, की पेण आणि रोहा या दोन उपकेंद्रांत कर्मचाऱ्यांनी ‘खरबंधांची निगा’ हे एकच पुस्तक एकशे अठरा वेळा शोधले आहे. कोणत्याही ज्ञानशाखेत एवढी जिज्ञासा आजवर नोंदलेली नव्हती. तिची दखल घेऊन दोन्ही केंद्रांना गर्दभपालनाचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम मंजूर झाला. पेण तालुक्यात गाढवे किती, याची चौकशी करण्यात आली. सात भरली. प्रवेशासाठी अर्ज चारशे आले. गाढव कसे पाळतात, हे एकाही अर्जदाराने विचारले नाही. प्रमाणपत्र नोकरीला चालते का, एवढे मात्र सगळ्यांनी विचारले.

गणपती झाल्यावर एका सकाळी पेणमधले एक निवृत्त मुख्याध्यापक ग्रंथालयात आले. त्यांना एक जुना शब्दकोश हवा होता. नमिता फोनवर होती. दाजींनी कोश काढून सरळ त्यांच्या हातात ठेवला. मुख्याध्यापकांनी तो उघडला, हवा होता तो शब्द काढला, अर्थ वाचला, समाधानाने मान हलवली आणि कोश बगलेत धरून ते नमिताच्या टेबलाशी आले.

“हा कोश तुमच्याकडे आहे का, जरा बघता?” त्यांनी विचारले.

नमिताने प्रणालीत पाहिले. “नाही दाखवत, सर.”

“अरेरे,” ते म्हणाले. त्यांनी बगलेतला कोश टेबलावर ठेवला, आभार मानले आणि निघून गेले.

त्या सद्गृहस्थांचे नाव इथे दिलेले नाही. दिले असते, तरी तुम्ही त्यांना हसला असता, असे वाटत नाही. आज सकाळी बाहेर पाऊस आहे का, हे तुम्हीही खिडकीशी बसून मोबाइलमध्येच पाहिलेत आणि त्याने ऊन दाखवले म्हणून छत्री घरी ठेवून भिजत निघालात.