चारचा भोंगा

आमच्या गल्लीत रोज सकाळी सात वाजता एका बंद पडलेल्या गिरणीचा भोंगा वाजतो. गिरणीच्या जागी आता बाभळी वाढल्या आहेत. भोंगा मात्र गुलाबरावांच्या स्लॅबवरच्या कर्ण्यातून नियमाने येतो, आणि नाचणगावात नव्याने आलेला पाहुणा अंथरुणात दचकून उठून बसतो.

गुलाबराव त्या गिरणीत भोंगा देण्याच्या कामावर होते. गिरणी बंद होण्यापूर्वी त्यांनी तो आवाज टेपवर भरून घेतला, पुढे जुन्या संगणकात चढवला आणि ठरल्या वेळी आपोआप वाजेल अशी व्यवस्था करवून घेतली. वेळ ते सहसा तासांत सांगत नाहीत. "दुसऱ्या पाळीत येजा, सर," असे म्हणतात. पत्नी कधी वारल्या, असे कोणी विचारले तर उत्तर येते, "पहिली पाळी सुटता सुटता." झोपमोडीची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला ते शांतपणे सुनावतात, "भोंगा खोटं बोलत नाई जी. तुमची झोपच खोटी हाय."

अवेळी भोंगा देण्याचा प्रसंग एकच. गिरणीचा कामगार वारला की त्याची तिरडी उचलताना एक लांब भोंगा देण्याची तिथे रीत होती. ती गुलाबरावांनी अजून मोडलेली नाही. नोकरीत असताना भोंग्यापाशी उभे राहावे लागे, त्यामुळे त्यांना एकाही मित्राच्या तिरडीला खांदा देता आला नाही. संगणकाने ती अडचण दूर केली. आता ते आधी वेळ लावतात आणि स्वतः तिरडीखाली जातात.

हा संगणक सारखा बंद पडू लागला, तेव्हा त्यात नवी ऑपरेटिंग सिस्टीम घालून देण्याचे मी आपण होऊन पत्करले. मी शाळेत शिकवतो. एवढे आपल्याला येते, असा माझा समज होता. संध्याकाळी ते काम करताना पडद्यावर जे प्रश्न आले, ते न वाचताच मी 'पुढे, पुढे' करत गेलो.

त्याच रात्री लोक जेवायला बसलेले असताना सकाळचा भोंगा वाजला. कोपऱ्यावरचा पानवाला ओरडला, "काऊन जी गुलाबराव, रातपाळी सुरू झाली काय?" मी धावत जाऊन घड्याळ हाताने बरोबर केले, आणि पुन्हा चुकू नये म्हणून इंटरनेटवरून वेळ घेण्याची सोयही चालू करून ठेवली. त्या शहाणपणाचा मला थोडा अभिमानही वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा वाजलाच नाही. दुपारी गुलाबराव माझ्या दारात उभे राहिले. तळहातांना बांबूची साल लागलेली होती.

"महादेव गेला, सर. चार वाजता उचलून राह्यले. आन् तुमचं ते बयताड घड्याळ मध्यरात्र दाखवून राह्यलं."

महादेव हे त्यांच्याच पाळीतले. कापसाची धूळ छातीत घेऊन बरीच वर्षे खोकत होते.

त्यांच्या घरी जाऊन मी वेळ पुन्हा हाताने बदलली. आमच्या डोळ्यांदेखत ती परत मध्यरात्रीवर गेली.

"पाहा," गुलाबराव म्हणाले. "ऐकतच नाई. कोणाचं खाते हे?"

तेव्हा कुठे मी घड्याळाखालची बारीक ओळ वाचली. संगणक स्वतःला अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर समजत होता. इंटरनेट त्याला प्रामाणिकपणे तिथली वेळ पुरवत होते. ठिकाण चुकीचे निवडले गेले होते, आणि ते मीच निवडले होते. मी यादी उघडून भारताच्या शहरांवर आलो.

"मुंबई?" गुलाबराव मागून म्हणाले. "वर्धा काऊन नाई याच्यात?"

"देशभर वेळ एकच, गुलाबराव."

"मुंबईच्या गिरण्यांचा भोंगा अलग होता."

मी मुंबईच निवडली. घड्याळ जागेवर आले. "एकदा वाजवून बघू या का?" मी विचारले.

त्यांचा चेहरा कठोर झाला. "अजी, महादेवले दोनदा मारता काय? तो भोंगा एकडावच होत असते."

म्हणजे खात्री करून घेण्याचा मार्गच उरला नाही. मी चारची वेळ लावली आणि आम्ही महादेवांच्या दारी गेलो.

चौघांनी तिरडी उचलली. पुढे उजवीकडे गुलाबराव. ते तसेच उभे राहिले, पाऊल उचलेनात. मागून कोणीतरी कुजबुजले, "चाला ना जी." त्यांनी मान वळवली नाही. मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले. मग भोंगा आला, लांब, सपाट, मधूनच टेपची खरखर घेऊन. रस्त्यावरची म्हातारी माणसे होती तिथे थांबली आणि त्यांनी हात जोडले. गुलाबराव चालू लागले.

राख सावडून आल्यावर आम्ही दोघे त्यांच्या ओट्यावर बसलो. त्यांनी दारातून आतल्या संगणकाकडे बोट दाखवले.

"सर, याच्यात तारीख न टाकता लावता येते काय?"

"कशासाठी?"

"गिरणीतला आता मीच राह्यलो. मले उचलतीन तवा भोंगा द्याले घरी कोण राहीन?"

"मी राहीन," मी म्हणालो. "फक्त एक बटन तर दाबायचे आहे."

त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागला. "पुतण्या येईन नागपूरहून. बाजूचा रमेश हाय. पानवाला येईन, बोलते वाकडं पण येईन." चौथ्या पेरावर अंगठा थांबला आणि तिथेच राहिला.

"नाई, सर," ते म्हणाले. "तुम्ही खांद्याले लागता."