हिवराजकाकांचा झिरो

आमच्या गल्लीत मिरची कधी वाटायची, हे हिवराजकाका ठरवतात.

दुपारची जेवणं आटोपली की ते दारोदार फिरतात. कानावर पेन्सिल, भुवयांवर लाकडाचा भुसा. "शांताबाई, मिक्सर लावू नोका. मशीन चालू करून राहिलो."

शेजारच्या शांताबाईच्या हातात नेमकं तेव्हाच मिक्सरचं भांडं असतं. "जनमभर लोकायची लाइन बंद केली," ती म्हणते, "आता मिक्सर बंद करून राहिले. रिटायर झाले का नाई तुमी?"

काका वीज खात्यात लाइनमन होते. रिटायर झाल्यावर आमच्या करडी गावातली त्यांच्या वयाची माणसं पारावर बसली. काकांनी मात्र खोक्यांतून मशीन मागवली आणि बैल विकल्यापासून रिकाम्या पडलेल्या कोठ्यात स्वतःच जोडली. टेबलाएवढी चौकट, तिच्यावर इकडून तिकडे सरकणारा दांडा, दांड्याला गरगर फिरणारं पातं. कॉम्प्युटरात चित्र घातलं की पातं ते लाकडात कोरतं. याला सीएनसी म्हणतात, हे गल्लीला मी सांगितलं. आमच्या घराण्यात बारावीच्या पुढे गेलेला पहिला माणूस मी, बी.एस्सी. आहे, आणि अशी माहिती द्यायची संधी मी सोडत नाही.

या मशीनला आधी दाखवावं लागतं की तुझी सुरुवात कुठे. फळीचा एक कोपरा पकडून द्यायचा, मग बाकी सगळी अंतरं ती तिथून मोजते. त्या जागेला काका म्हणतात झिरो. मध्येच व्होल्टेज पडलं की मशीन झिरो विसरते आणि गणपतीची सोंड कानाच्या जागी निघते. म्हणून मिक्सर बंद.

इथवर ठीक होतं. पण काका झिरो कोठ्याबाहेरही घेऊन फिरू लागले. कोणाच्या सोयरिकीच्या बैठकीत गोष्ट अडली की हे मागून म्हणणार, "पयले झिरो पकडा, मंग बोला." ग्रामसभेत सरपंच नव्या रस्त्याची लांबी सांगत होते, तर काका उठले. "लांबी समजली जी. पन रस्त्याचा झिरो कुठी हाय? तुमच्या दारात का?" सभा हसली. सरपंचही हसले, पण जरा उशिरा. मी पदवीचा कागद दाखवायला गेलो तेव्हा त्यांनी तो उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला. "मस्त हाय बाबू. आता कुठीही जा, पन तुहा झिरो सरकू देऊ नोको."

मशीन चालू असताना कोठ्यात जाऊन बसायला मला आवडतं. छपराच्या फुटक्या कवेलूंतून उन्हाच्या काड्या उतरलेल्या असतात आणि त्यांत भुसा तरंगत असतो, खाली यायची त्याला काही घाई नसते. शिवणीच्या लाकडाचा गोडसर वास. दूर कुठेतरी मोहोळ लागलं असावं तसा पात्याचा आवाज. काका स्टुलावर बसून पात्याकडे नुसते बघत राहतात. अशा वेळी दुपार पुढे सरकते की नाही, तेही कळत नाही.

आतल्या खोलीत कौसल्याकाकू असते. शुगरनं तिची नजर गेली. आधी कडा धूसर झाल्या, मग सगळंच. त्यानंतर एकदा तलावाच्या पायरीवर पाय घसरला आणि तिचं तलावावर जाणं संपलं. लग्न होऊन आल्यापासून ती रोज तिथे जायची. कपडे, गप्पा, सगळं तिथेच. आता संध्याकाळी काका घरात आले की ती विचारते, "अवो, पानी कुठवर हाय?"

"चौथ्या पायरीले."

"अन् कमळं?"

"पाळीच्या अंगानं हायेत थोडे."

गाळ काढायला पोकलेन येणार, असं गावात ठरलं त्या दिवशी काका माझ्याकडे आले. "बाबू, मशीन खोदन तं तलाव आपला राह्यनार नाई. तिच्या वळखीचा तलाव, तो जाईन. त्याच्या आंधी मले तो लाकडात पायजे. किती दिवस तिले नुसत्या पायऱ्या सांगू? हातातच देतो."

मग आम्ही डोंग्यात बसून तलाव मोजला. मी डोंगा हाकायचो, काका खुणा केलेला बांबू तळाला टेकवायचे. सकाळी पाण्यावर धुकं असायचं. बांबू अर्धा धुक्यात, अर्धा पाण्यात, आणि काकांचा आवाज तेवढा येत राहायचा, इतं कंबर, इतं छाती, इतं डोकं बुडलं. तलाव झोपेत असावा आणि आम्ही त्याचं माप घेत असावं, असं वाटायचं.

त्या मापांवरून कॉम्प्युटरवर चित्र काकांनी एकट्यानं रंगवलं, मला दाखवलं नाही. कोरायच्या दिवशी शांताबाई स्वतःहून पाट्यावर चटणी वाटायला बसली. मशीन थांबली, काकांनी फुंकर मारून भुसा उडवला.

फळीवर डोंगर होता.

शांताबाई पाटा सोडून बघायला आली. "काकाजी, याच्यात पानी भरान कसं? सारं सांडून जाईन ना."

त्या प्रोग्रामला काळंपांढरं चित्र लागतं. पांढरं म्हणजे उंच, काळं म्हणजे खोल. काकांनी उलटं केलं होतं. उन्हाळ्यात तलाव आटला की शेवटचं पाणी जिथे पांढरं चकाकतं तीच सगळ्यात खोल जागा, हे करडीतलं कोणीही सांगेल. म्हणून काकांनी खोल तिथे पांढरं भरलं होतं. मशीनला करडीचा उन्हाळा कुठून ठाऊक असणार?

 फळी काकांनी सरपणात टाकली. पोकलेन तलावाच्या पाळीवर, बांधावर येऊन उभं राहिलं होतं.

दोन दिवसांनी मी गेलो तर काकू चुलीपाशी बसलेली. सरपण चाचपताना फळी तिच्या हाती लागली होती. दोन्ही तळवे फिरवत होती, पायथ्यापासून शेंड्यापर्यंत, पुन्हा पायथ्यापर्यंत.

"अवो, हा आमचा आंबागड कवा केला तुमी?"

काकूचं माहेर आंबागडचं, किल्ल्याच्या डोंगराखाली.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. "केला," काका म्हणाले.

"चांगला हाय. पन गाव नाई याच्यात. मायचं घर कुठी हाय?"

"ते राह्यलं," काका म्हणाले. "करतो."

त्याच आठवड्यात मोटारसायकलवर आम्ही आंबागडला गेलो. मोबाइलवर उंची बघत डोंगर चढलो, उतरलो, दम लागला की सावलीत बसलो. काकूचे मायबाप कधीच गेलेले, पण घर उभं आहे. दाराशी पोचल्यावर मी विचारलं, "काकाजी, झिरो कुठे पकडायचा?"

काकांनी चप्पल काढली आणि उंबरठ्याजवळ मोबाइल ठेवला. "इतंच. ती इथूनच निंगाली होती ना."

तलावाचं खोदकाम होऊन गेलं. त्याची फळी अजून कोरायची आहे. बरोबर रंगवलेलं चित्र तयार आहे, मी तपासलं. पण आधी आंबागड झाला. खालच्या कोपऱ्यात, त्या उंबरठ्याच्या जागी, काकांनी बोटाचं टोक बसेल एवढी खळगी ठेवली होती.

फळी त्यांनी काकूच्या मांडीवर ठेवली आणि तिचं बोट धरून खळगीत टेकवलं. बोट तिथे थोडं थांबलं. मग एकटंच हळूहळू वर निघालं.

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"बोलू नोको बाबू," काका हळूच म्हणाले. "झिरो सरकून जाईन."