एक की सात?

बहिणीच्या लग्नाची पत्रिका सुहासनं स्वतः सजवली होती, आणि अशी पत्रिका अख्ख्या बेंगळुरूत झाली नाही, असं तो छातीठोक सांगत होता! इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कंपनीत त्याचं कामच अक्षरं मांडण्याचं. त्यानं निवडलेला इंग्रजी टाइप इटालिक, बोरूनं लिहिल्यासारखा. नऊवारी सावरत पंगतीत वाढायला निघालेल्या बायकांसारखी ती अक्षरं डौलात एका बाजूला झुकलेली!

चिकपेटेतले छापखानावाले शिवकुमार मात्र चष्मा वर करून म्हणाले, "नावांना हे छान सर. पत्त्याला स्वल्प साधं घ्या. हा एक आहे का सात?"

"एकच आहे हो! डोक्यावर जरा तुरा आहे, इतकंच."

"सरी सर," म्हणत त्यांनी तीनशे पत्रिका छापल्या.

लग्न बनशंकरीत, एक नंबरच्या क्रॉसवर, म्हणजे पहिल्या आडरस्त्यावर. मुहूर्त दहा बेचाळीसचा. सव्वादहा झाले तरी निपाणीहून बसनं थेट कार्यालयात येणाऱ्या दयानंदमामांचा पत्ता नाही! फोन बंद.

"मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" गुरुजींनी दुसऱ्यांदा हाक दिली.

आईचा, हेमलताबाईंचा, आवाज कापत होता. "माझा एकुलता एक भाऊ रे! पत्ता नीट दिला होतास ना?"

"पत्रिकेवर आहे की," सुहास म्हणाला, आणि त्याला पत्त्यातला तो एक आठवला. तुरा!

शेरवानी सावरत तो रिक्षात चढला. "अण्णा, सेवन्थ क्रॉस! बेगा, बेगा!"

सातव्या क्रॉसवर खरंच एक कार्यालय होतं, आणि आत लग्नही! नवरीच्या खोलीच्या दाराशी दोन फेटेवाले एकमेकांना रेटत होते.

"मुलीचा मामा मी!" त्यातले एक गरजले. ते दयानंदमामा!

"नानू! नानू मावा!" दुसरे तेच कानडीत, त्याहून मोठ्यानं ओरडले.

"मामा, सोडा त्यांना! ही आपली शलाका नाही!"

दाराआड नवरी फिस्सकन हसली. मामांनी फेटा सरळ केला, त्या गृहस्थांना हात जोडले आणि रिक्षाकडे धाव घेतली. वाटेत सिग्नल लाल. दहा एकेचाळीसला मामा शलाकाचा हात धरून बोहल्याशी पोचले आणि बेचाळिसाव्या मिनिटाला अक्षता पडल्या!

सुहासनं भिंतीला पाठ टेकली. तेवढ्यात वडील आले. "दीडशे ताटं मांडलीत. माणसं साठ! बाकीची कुठंयत?"

बहिणीच्या लग्नाचं जेवण सोडून सुहास सातव्या क्रॉसच्या तोंडाशी उभा राहिला. हातात खोक्याचा पुठ्ठा, त्यावर जाड मार्करनं ओबडधोबड ठोकळ्यांत लिहिलेलं: शलाकाचं लग्न पहिल्या क्रॉसवर.

मल्लेश्वरमच्या सुप्रीताकाकूंनी रिक्षा थांबवली, पुठ्ठा वाचला, आणि कौतुकानं म्हणाल्या, "किती सुरेख अक्षर रे! पत्रिकेवर हेच का नाही घातलंस?"