शकुबाईच्या झडतीचा तपास

जगात उत्तम गुप्तहेर फार थोडे झाले आणि त्यातला एकच हिंगणीत जन्मला, असं ताराचंदचं स्वतःबद्दल प्रामाणिक मत होतं. नजर घारीची, कान सशाचे आणि मेंदू, त्याच्याच शब्दांत, 'चोवीस तास चालू'. पिठाच्या चक्कीवर त्यानं पाटी लावली होती: 'सर्व प्रकारचे गुन्हे उकलून मिळतील. दळणही.' चक्की खरं तर त्याची बायको मोहिनी चालवायची. नवऱ्याचा मेंदू चोवीस तास चालू असला की गहू दुसऱ्या कोणाला तरी दळावे लागतात.

पोळ्याच्या सकाळी अण्णाजी चक्कीवर आले. ते पोळा कमिटीचे अध्यक्ष. संध्याकाळी तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या म्हणायच्या, म्हणजे चार ओळी जुळवून गावातल्या कोणाची तरी टोपी उडवायची, ही गावाची रीत. ज्याची टोपी उडेल त्यानं रागवायचं नाही, उलट झडती म्हणून फेड करायची. झडती म्हणणारी बाई गावात एकटी शकुबाई, आणि तिची यंदाची झडती आधीच पोराटोरांच्या तोंडी बसली होती:

अण्णाजीच्या बैलाले रेशमाची झूल,
शिंगाले बेगड, कपाळाले फूल.
दिवसभर वावरात राबला कोण?
बैल बिचारा, अण्णाजीच्या कानाले फोन!

अण्णाजींचं म्हणणं, ही शकुबाईची नाहीच, एआयची आहे. बाजारात वांगी विकणाऱ्या बाईला इतकं जुळतं कसं? त्यांचा पुतण्या मुकेश यानं फोनमधल्या एआयलाच विचारलं होतं, हे तू लिहिलंस का. उत्तर आलं, 'होय, हे मीच लिहिले आहे. आणखी कडवी हवी आहेत का?' आता ताराचंदनं फक्त शिक्कामोर्तब करायचं. मग शकुबाईला तोरणाखाली उभं राहता येणार नव्हतं, यंदाही नाही आणि पुढेही नाही.

मोहिनीला फार वाईट वाटलं. लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याला शकुबाईनं तिच्यावर झडती म्हटली होती, आणि त्या दिवसापासून ती या गावाची झाली होती.

ताराचंदनं तपास सुरू केला. शकुबाईच्या बोटांना शेणाचा वास होता, म्हणजे तिनं फोनला हात लावलेला नाही, म्हणजे ती त्याच्याशी तोंडानं बोलते, म्हणजे ती सराईत आहे. ती रोज पाण्याच्या टाकीपाशी जाते, आणि गावात रेंज फक्त तिथंच येते.

"पाणीबी तिथंच येते," मोहिनी म्हणाली.

"त्याचाच आडोसा घेऊन राह्यली ते," ताराचंद म्हणाला.

शकुबाईकडे मुळात फोनच नाही, हेही मोहिनीनं सांगून पाहिलं. पुरावा नष्ट केला, असं ताराचंदनं ठरवलं.

संध्याकाळी बैल तोरणाखाली लागले. ताराचंद निकाल सांगायला खाकरला, तेवढ्यात मोहिनीनं मुकेशचा फोन मागून घेतला. अण्णाजींच्या बापानं जुळवलेली झडती साऱ्या गावाला पाठ होती. ती तिनं फोनला म्हणून दाखवली आणि विचारलं, हे तू लिहिलं का?

"होय, हे मीच लिहिले आहे," फोन मोठ्यानं बोलला. "आणखी कडवी हवी आहेत का?"

अण्णाजींचे वडील वारले तेव्हा गावात वीजही आली नव्हती. ताराचंदनं डोळे बारीक केले आणि अण्णाजींच्या कानात हळूच विचारलं, वडील नेमके कोणत्या कंपनीचे होते. मोहिनीनं त्याला बाहीला धरून बैलांच्या मागं नेऊन उभं केलं.

शकुबाईनं आपली झडती खणखणीत म्हटली. हशा पिकला, आणि मग सगळ्यांच्या माना अण्णाजींकडे वळल्या. अण्णाजींनी हात जोडले, चूक झाली म्हणाले.

"माफी नाई पायजे मले," शकुबाई म्हणाली. "झडती पायजे."

अण्णाजींचा हात खिशाकडे गेला, पण फोन बाहेर काढायची छाती झाली नाही. बैलसुद्धा कंटाळून पाय बदलू लागले. शेवटी ते म्हणाले:

"शकुबाईच्या घरी एक पांढरी कोंबडी... ते... ते रोज अंडे देते."

कोणीच हसलं नाही. शकुबाई जवळ आली आणि तिनं अण्णाजींच्या कपाळाला गुलाल लावला.

"हे तुमचंच हाय, अण्णाजी," ती म्हणाली. "कोनाच्या बापालेबी शंका येनार नाई."