शाईचे पाणी

राज्याला सीमा असते, जिल्ह्याला मुख्यालय असते आणि अधिकाऱ्याला शाई असते. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींवाचून पुष्कळ काळ निभावते, असा अनुभव आहे. सीमा नसली तर तंटा होतो आणि मुख्यालय नसले तर ते भाड्याने मिळते. पण शाईच नसली तर अधिकारी जागेवर आहे की नाही, हे सिद्ध करण्याचा दुसरा मार्ग माणसाला अद्याप सापडलेला नाही.

लातूरचा जिल्हा झाला तेव्हा जुन्या घरातून वेगळे निघताना होते तशी रीतसर वाटणी झाली. नव्या जिल्ह्याच्या वाट्याला कपाटे आली (किल्ल्या मागाहून यायच्या होत्या), खुर्च्या आल्या, निवृत्तीला टेकलेले काही कर्मचारी आले, आणि त्या सालचा दुष्काळ सगळाच्या सगळा आला. हिरवी शाई तेवढी आली नाही.

गंजगोलाईच्या मागे एका अडत दुकानाच्या रिकाम्या गोदामात तेव्हा 'लेखनसामग्री व टंचाई कक्ष' नावाची एक कचेरी थाटण्यात आली. हे दोन विषय एका छपराखाली कसे, अशी शंका काही उथळ लोक घेत. जे नाही त्याचा हिशेब ठेवणे, हे दोन्ही विषयांचे मूळ तत्त्व एकच आहे, हे त्यांच्या ध्यानात येत नसे.

या कक्षात लिंबाजी नावाचा एक तरुण लिपिक होता. नांदेडहून लातूरला येणाऱ्या सडकेवर, अहमदपूरच्या अलीकडे, बोरतळी नावाचे गाव आहे, तिथला. गावच्या बौद्धवाड्यातला तो पहिला मॅट्रिक. त्याचे अक्षर इतके देखणे होते, की त्याने लिहिलेल्या मजकुराकडे कुणाचे लक्ष जात नसे. पेनाला टोपण असावे तसे त्याला मौन होते. संध्याकाळी कचेरी रिकामी झाली की तो खिडकीशी उभा राहून कोरड्या आभाळाकडे पाहत राही आणि आपल्या आईचा विचार करी. ती, केवळाबाई, त्या वेळी ओढ्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यापाशी बसून वाटीवाटीने घागर भरत असे.

(दुष्काळाने बोरतळीत एक सामाजिक सुधारणा घडवून आणली होती, तिची नोंद येथे करणे न्याय्य ठरेल. गावची विहीर कुणी शेंदायची हा फार जुना वाद होता. विहीर आटली आणि वादही आटला. आता सगळे गाव एका झिऱ्यावर, एका रांगेत बसे.)

बोरतळीला टँकर मिळावा, हे प्रकरण लिंबाजीच्याच टेबलावर होते. ते त्याने स्वतः तयार केले होते. तलाठ्याचा दाखला, ग्रामसभेचा ठराव, विहिरीच्या तळाचे वर्णन, सारे जागच्या जागी होते. उरली होती कक्षप्रमुख व्यंकटराव साहेबांची सही. आणि इथेच शाईचा प्रश्न उभा राहतो.

अजाण वाचकांसाठी सांगितले पाहिजे, की सरकारात रंग हा डोळ्यांचा विषय नसून पदाचा विषय आहे. लिपिक निळ्या शाईत लिहितो, अव्वल कारकून काळ्या शाईत तपासतो, लेखापरीक्षक लाल शाईत हरकत घेतो आणि साहेब हिरव्या शाईत सही करतात. निळ्या शाईत सत्य लिहिता येते, नाही असे नाही. पण ते अमलात यायला हिरवी शाई लागते.

बाटलीतली तयार शाई काटकसरीच्या आदेशामुळे बंद झाली होती. दुष्काळात सर्वांनी झीज सोसावी या उदात्त हेतूने साहेबांनाही स्वस्तातले फाउंटन पेन देण्यात आले आणि शाईची पूड पुरवण्यात आली. पुडीत पाणी घालायचे, की झाली शाई. पेन म्हणाल तर दिसायला उमदे होते. निबेखालची जीभ, जिच्यावरून शाई टोकाशी उतरते, ती साच्यातून थोडी तिरकी निघाली होती, एवढाच दोष.

गोदामामागच्या बोअरचे पाणी खारे होते. त्यात हिरवी पूड कालवली, की दूध नासावे तशी शाई नासे आणि तिच्या गुठळ्या जिभेवर बसत. कसून पाहणी करता असे आढळून आले, की साहेबांच्या दर दहा सह्यांपैकी पाच उमटतच नाहीत, तीन अर्ध्यावर सुकतात, एक ओघळून शेजारच्या प्रकरणालाही मंजुरी देते, आणि उरलेली एक उत्कृष्ट उमटते, मात्र ती टीपकागदावर.

बोरतळीच्या कागदावर साहेबांनी सही केली तेव्हा नुसता ओरखडा उठला.

"हे चालेल का हो, गुरुपादप्पा?" साहेबांनी कागद उजेडाला धरून विचारले.

गुरुपादप्पा हे अव्वल कारकून, निलंग्याकडचे. नियम त्यांच्या जिभेवर होते आणि ती जीभ तिरकी नव्हती. "खड्डा पडलाय साहेब, सही न्हाई पडली," ते म्हणाले. "खड्ड्यावर टँकर सोडला, तर आडिटवाले आपल्याला त्याच खड्ड्यात घालतील."

"अप्पा," लिंबाजी हळूच म्हणाला, "निळ्या शाईत केली तर?"

"मग ती तुमची सही होईल, लिंबाजी. तुमच्या सहीवर टँकर निघाला असता, तर साहेब कशाला लागले असते?"

हा युक्तिवाद बिनतोड होता. म्हणून एक समिती नेमण्यात आली. तिचे नाव 'स्वस्त पेनात सुलभ उतरणाऱ्या रंगीत शाईची निवड समिती'. अध्यक्ष व्यंकटराव, सचिव गुरुपादप्पा, आणि प्रत्यक्ष लिहून पाहायला, अक्षर चांगले म्हणून, लिंबाजी.

प्रयोगासाठी कोणते वाक्य लिहावे, याबद्दल नियमांत काही नव्हते. लिंबाजीने विचार केला आणि पहिल्या कागदावर लिहिले, 'बोरतळी गावास टँकर मंजूर.' पुढे प्रत्येक रंगात, प्रत्येक पेनाने, त्याने तेच वाक्य लिहिले. निळ्यात लिहिले, काळ्यात लिहिले, मोरपंखीत लिहिले. टेबलावर कागदांचा ढीग झाला. इतकी मंजुरी त्या जिल्ह्यात एका गावाला कधी मिळाली नव्हती. समितीने एकेक कागद हातात घेऊन वाक्याची वळणे, ओघ आणि सुकण्याचा वेग यांवर मनःपूर्वक चर्चा केली.

"मंजूरमधला दीर्घ उकार काय सुंदर उतरलाय!" साहेब म्हणाले.

समितीचे निष्कर्ष मननीय आहेत. जांभळी शाई खाऱ्या पाण्यातही झुळझुळ उतरते, गुठळी धरत नाही, हात भरवत नाही. पण जांभळ्या रंगाला सरकारात पद नाही, सबब बाद. लाल शाई ओघवती आहे, तथापि साहेबांनी तिच्यात सही केल्यास त्यांनी स्वतःवरच हरकत घेतली असा अर्थ होईल. मोरपंखी डोळ्यांना सुखद आहे, परंतु तिच्यामुळे कागद खासगी वाटतो. म्हणजे उरली हिरवीच. ती उतरत नाही, हा तिचा दोष नसून पाण्याचा आहे. करिता शाईसाठी गोड पाण्याचा एक टँकर मागवावा.

आता टँकर मागवायचा, तर त्यालाही हिरवी सही लागणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण गुरुपादप्पांनी पुस्तक काढले. पाणी शाईसाठी असल्याने ते लेखनसामग्रीत मोडत होते आणि लेखनसामग्रीला अव्वल कारकुनाची काळी सही पुरते. त्यांनी ती तिथल्या तिथे केली. नांदेडला गोदावरीच्या डोहात अजून पाणी होते. तिथून टँकर निघाला.

नांदेडहून लातूरला येणारी सडक बोरतळीतून जाते, हे वर आलेच आहे.

टँकर दिसताच बायका घागरी घेऊन सडकेवर आडव्या झाल्या. ड्रायव्हर ग्यानोबाला ब्रेक दाबावाच लागला.

"सरका बायांनो, हे तुमचं पाणी न्हाई," तो ओरडला.

"मंग कुनाचं रं?" केवळाबाई पुढे झाली.

"शाईचं हाय."

"कोन शाई? कुन्या गावची?"

"गावची न्हाई, मावशी. लिवायची शाई. लातूरला कचेरीत शाई करून राहिलेत, तिला गोड पाणी लागतंय."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. एकजण म्हणाली, "आमच्यापेक्षा शाईला जास्ती तान लागली म्हना की."

"आन शाई कशापाई करून राहिलेत?" केवळाबाईने विचारले.

ग्यानोबाला हे माहीत होते, कारण मागणीपत्राबरोबर सविस्तर कारण जोडलेले होते. "बोरतळीच्या टँकरवर सही करायची हाय म्हनं."

केवळाबाईने थोडा विचार केला. मग रिकामी घागर काखेत मारून ती त्याच्या शेजारी चढून बसली. "चल. पानी आमच्यापाशी थांबना, तर मी जाते पान्यासंगं."

कचेरीत टँकर आला तेव्हा सोहळ्याचे वातावरण होते. शाईला पाणी लागले घागरभर. तेवढ्यासाठी टँकर कशाला, असे विचारणारे लोक प्रशासन जाणत नाहीत. टँकरपेक्षा लहान मागणीचा छापील नमुनाच नव्हता. लिंबाजीने पूड कालवली, मलमलीतून गाळली, पेनाची जीभ धुऊन पेन भरले. दारात आई उभी होती. तिच्याकडे पाहायचे त्याने टाळले.

साहेबांनी कोऱ्या कागदावर एक रेघ ओढली. शाई अशी उतरली, की पावसाळ्याआधीच्या त्या भगभगीत दुपारी सगळ्या जिल्ह्यात हिरवे म्हणून तेवढेच काय ते होते. साहेबांचे डोळे पाणावले. "आणा बोरतळी," ते म्हणाले.

लिंबाजीने प्रकरण पुढे ठेवले. नियमाप्रमाणे त्याने त्यात त्या दिवशीची टँकरची खेपही आपल्या सुंदर अक्षरात चढवली होती: नांदेड ते लातूर, मार्गे बोरतळी. त्याचे अक्षर नेहमी कौतुकाने पाहिले जाई. आज पहिल्यांदाच ते वाचले गेले.

"टँकर बोरतळीला थांबला होता?" साहेबांनी विचारले.

"थांबला की, सायेब," दारातून ग्यानोबा म्हणाला. "बाया आडव्याच झाल्या."

"म्हणजे टँकर गावात पोहोचला," साहेब म्हणाले, आणि ज्या ओघासाठी सर्वांनी एवढे कष्ट घेतले होते त्या ओघात त्यांनी लिहिले, 'गावात टँकर पोहोचल्याचे दिसून येते. मागणी निकाली.' खाली सही. एक गुठळी नाही, एक ओघळ नाही.

"बघा, कशी उतरली!" गुरुपादप्पा म्हणाले.

"झाली का रं सई, लिंबा?" केवळाबाईने दारातून विचारले.

लिंबाजीने आईकडे पाहिले. तिच्या काखेतली घागर अजून रिकामीच होती. मग त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा टोपण निघाले. "साहेब," तो म्हणाला, "उरलेल्या शाईचं काय करायचं?"

"कोणती शाई?"

"टँकरातली. मागणी शाईसाठी होती, काळी सही शाईवर आहे. कागदोपत्री ती सगळी शाईच आहे. एवढी शाई ठेवायला आपल्याकडे दौती नाहीत आणि उन्हाळ्यात ती नासेल. जादा लेखनसामग्री शाळांना वाटावी, असा नियम आहे. बोरतळीत शाळा आहे."

गुरुपादप्पांनी पुस्तक चाळले. नियम होता. त्यांनी पानात बोट ठेवून पुस्तक मिटले. "आणि कुणी ती प्यालं तर, लिंबाजी?"

"शाळेत शाई सांडतेच, अप्पा."

साहेबांना सही करायला आणखी एक कागद हवाच होता. त्यांनी तो वाचलाही नाही.

"बाबा रे," टँकरवर चढताना केवळाबाई मुलाला म्हणाली, "आता त्यात रंग नगं टाकूस."

त्या वर्षी बोरतळीच्या शाळेने जिल्ह्यात सर्वाधिक शाई वापरली. लेखनाची गोडी लावल्याबद्दल मास्तरांना अभिनंदनाचे पत्र गेले (हिरव्या शाईत). मात्र एका शाळेला जादा शाई वर्षातून एकदाच मिळते. टँकरची मागणी निकाली निघालेली असल्याने ती पुन्हा उघडता येत नव्हती. चार दिवसांनी घागरी परत रिकाम्या झाल्या आणि बायका परत झिऱ्यावर बसल्या. सडकेवरून मोटार गेली की माना वर होत. लिंबाजी खिडकीशी उभा राही. शाई उत्तम उतरत होती.

ही हकीकत ज्यांना ज्यांना सांगितली, त्या प्रत्येकाने शेवटी शाईची कृती विचारली. वाचकांच्या सोयीसाठी ती देत आहोत. गोडे पाणी घ्यावे, पावसाचे असल्यास उत्तम. पूड थोडी थोडी सोडून काडीने ढवळावे, रात्रभर झाकून ठेवावे आणि धुवट मलमलीतून गाळावे. पेन स्वस्तातले असेल, तर शाई किंचित पातळ ठेवावी आणि जीभ अधूनमधून धुवावी. कोणताही रंग सुरेख उतरतो.

बोरतळीला पुढे पाणी मिळाले की नाही, हे अद्याप कुणीही विचारलेले नाही. आपण विचारणार होतात, याविषयी आमच्या मनात शंका नाही. आधी कृती वाचून घेतलीत, एवढेच.