पालथा ठेवलेला फोन

वाटीभर साखर मागावी इतक्या सहजपणे दौलतने शुक्रवारी दुपारी खालच्या मजल्यावरच्या तामेरकडे त्याचा आयफोन मागितला.

"दोन तास दे. रात्रीच्या आत परत."

तामेर दातांचा डॉक्टर, दौलतच्या मुलाचा, वाएलचा, शाळेपासूनचा मित्र. दौलतच्या स्वयंपाकघरातच अर्धा वाढलेला. तो दारात बनियनवर उभा होता, बायको शेरीन घरात नव्हती आणि मागे टीव्हीवर मॅच सुरू व्हायची होती.

"न्या की मावशी. शेरीन शिंपिणीकडे गेलीय, मॅच संपेपर्यंत मला फोन नकोच. पण करायचंय काय त्याचं?"

"काही करायचं नाही. टेबलावर ठेवायचाय."

वाएल मागे जिन्यात उभा होता. नवा शर्ट, नुकतीच केलेली दाढी. वय बत्तीस, शाळेत गणित शिकवायचा, आणि याआधी दोन घरांतून गोड बोलून परत पाठवलेला. आज शहरातल्याच समुद्रकाठच्या मियामी भागात नरमीनच्या घरी मागणी घालायला जायचं होतं. नरमीन त्याच्याच शाळेत चित्रकला शिकवायची. आधीच्या दोन मुली नात्यातल्या बायकांनी सुचवलेल्या होत्या. ही त्याने स्वतः शोधली होती. तिचं नाव घेताना तो खिडकीबाहेर बघायचा, त्यावरूनच दौलतने ओळखलं होतं की या वेळी नकार आला तर पोरगा पुन्हा कुणाच्या दारात जायचा नाही.

"आई, ती रोज माझा फोन बघते स्टाफरूममध्ये," तो म्हणाला.

"तिला कुठे दाखवायचाय? तिच्या बापाला दाखवायचाय."

"पण मला माझाच आवडतो. दोन सिम बसतात, सगळं माझ्या मनासारखं लावता येतं. हा मालकाला सांगतो कसं राहायचं ते."

"म्हणून तर मला आवडतो," तामेर म्हणाला. "दिवसभर मी लोकांचे दात काढायचे की ठेवायचे ते ठरवतो. घरी आल्यावर कुणीतरी माझ्यासाठी ठरवावं."

"वाद नंतर घाला," दौलत म्हणाली. "आणि टेबलावर पालथा ठेव बरं का. म्हणजे सफरचंद दिसेल."

दौलतचा हा हट्ट उगाच नव्हता. मुलगी बघायला आलेला माणूस खिशातून काय काढून टेबलावर ठेवतो, हे ती पन्नास वर्षं बघत आली होती. तिच्या वेळी परदेशी सिगारेटचं पाकीट आणि वर लायटर असायचा. तिचा रिफअत असंच एक पाकीट तिच्या वडिलांसमोर ठेवून बसला होता. लग्नानंतर ते कपाटात तसंच सापडलं, न फोडलेलं. तो सिगारेट ओढायचाच नाही. पुढे मोटारीच्या किल्ल्या आल्या, मग अँटेनावाले जाडजूड फोन. वस्तू बदलत गेल्या, ठेवण्याची जागा तीच राहिली. माणसं फोन वापरण्यासाठी घेतात हे दौलतला कधी पटलं नव्हतं. तिच्या मते अर्धा फोन बोलायला असतो आणि अर्धा बोलावं न लागायला.

नरमीनचे वडील, हाजी मुतवल्ली, बंदरावर कस्टममधून निवृत्त झालेले. लोकांच्या सामानाकडे बघण्याची त्यांची नजर अजून निवृत्त झाली नव्हती. त्यांनी केकचा खोका घेतला, पाहुण्यांना बसवलं, समुद्राच्या वाऱ्याबद्दल दोन वाक्यं बोलले. वाएलने खिशातून फोन काढून पालथा ठेवला. हाजींनी त्याच्याकडे पाहिलं, वाएलकडे पाहिलं आणि चहात आणखी एक चमचा साखर घातली. दौलत मनातून खूश झाली.

नरमीन ट्रे घेऊन आली. तिची नजर टेबलावर गेली आणि तिथेच थांबली.

तेवढ्यात फोन वाजला.

वाएलने तो घाईने उलटा केला. अख्ख्या पडद्यावर मोकळे केस सोडलेल्या एका बाईचा हसरा फोटो होता आणि खाली नाव होतं, 'माझा जीव'.

"उचला की," हाजी म्हणाले. ते अगदी शेजारीच बसले होते. "घरचं असेल."

"नंतर करतो."

त्याने बाजूचं बटण दाबलं, आवाज थांबला. तीन घोट चहा होतो न होतो तोच पुन्हा 'माझा जीव'. मग तिसऱ्यांदा.

"माणूस फार चिकाटीचं आहे," हाजी म्हणाले.

"आतेबहीण आहे त्याची," दौलतने घाईने सांगितलं.

"शाळेत तर दुसरा फोन असतो तुमच्याकडे," नरमीन हळू आवाजात म्हणाली.

दौलतने कप खाली ठेवला. तिने सगळा विचार केला होता, एवढा एक सोडून. मुलगी ओळखेल की फोन याचा नाही, हे तिने धरलंच होतं. पण मुलीला वाटेल की हाही फोन याचाच, लपवून ठेवलेला, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. दुसरा फोन, त्यावर मोकळ्या केसांची बाई. आता फोन उसना आहे म्हणून सांगावं तरी पंचाईत, न सांगावं तरी पंचाईत. ती गप्प बसली, आणि आईकडे बघून वाएलही गप्प बसला. सगळी चूक खरं तर तिथे झाली.

"वाएल मास्तर," हाजी शांतपणे म्हणाले, "आतेबहिणीचे जुने निरोप वगैरे असतील. एखादा वाचून दाखवा. आमची समजूत पटेल."

वाएलने फोन चेहऱ्यासमोर धरला. फोन उघडला नाही. त्याने तो थोडा लांब धरला, मग मान तिरकी करून बघितलं.

"तुमचा फोन तुम्हाला ओळखत नाही?"

"दाढी केलीय ना आज," दौलत म्हणाली.

"नरमीन, तुझा पण असाच आहे ना गं? दाढी केल्यावर उघडत नाही का?"

"मी कधी करून बघितली नाही, बाबा." तिचा चेहरा मात्र हसत नव्हता. "मी तो घेतला तो याचसाठी. या घरात तीन भाऊ. माझी प्रत्येक वस्तू कुणी ना कुणी उघडायचं. हा माझ्याशिवाय कुणाला उघडत नाही. यांनाही तसंच काहीतरी हवं असेल."

हे बोलणं वाएलला बरोबर वर्मी लागलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आणि त्याच क्षणी चौथ्यांदा 'माझा जीव'. आता हा फोन बंदच करून टाकावा म्हणून त्याने दोन्ही बाजूंची बटणं मुठीत गच्च आवळून धरली.

"तसं दाबू नका, सोडा," नरमीन म्हणाली.

पण घाबरलेल्या माणसाची मूठ लगेच सुटत नाही. फोनने भोंग्यासारखा आवाज काढला, थांबला, आणि मग त्यातून एक दमलेला पुरुषी आवाज आला.

"बोला, पोलीस."

दौलतच पुढे वाकली.

"काही नाही रे बाळा. आम्ही मुलगी मागायला आलोय."

"मग पोलीस कशाला?"

"मीही तेच विचारतोय," हाजी म्हणाले.

"बाई, भांडण आहे का तिथे?"

"अजून नाही," हाजी म्हणाले. "चुकून लागला. राहू द्या."

"बरं. मुबारक," म्हणून आवाज गेला.

हाजींनी केकचा खोका तिच्यापुढे सरकवला. "घ्या, केक घ्या," ते म्हणाले. मुलीच्या बापाने पाहुण्यांचाच केक पाहुण्यांना इतक्या आपुलकीने वाढला की पुढचं वाक्य काय असतं, ते तिने याआधी दोन घरांत ऐकलं होतं. तिने तुकडा घेतला. वाएलने घेतला नाही. तो नरमीनकडे बघत होता आणि नरमीन पडद्याकडे.

केक संपायच्या आत दारावर थापा पडू लागल्या. बेल असताना थापा. हाजींनी दार उघडलं. बाहेर एक बाई धापा टाकत उभी होती. झग्याला एकच बाही, दुसऱ्या खांद्यावर टाचण्यांची रांग आणि गालांवर ओघळलेलं काजळ. केस मोकळे.

हाजींनी तिला निरखून पाहिलं. "या," ते म्हणाले. "तुमचा फोटो पाहिलाय आम्ही."

"तामेर कुठंय?" ती आत घुसली. "काय झालं त्याला? फोन उचलत नाही, आणि मग त्याच्या फोनवरून आपोआप निरोप येतो की तो संकटात आहे, त्याने पोलिसांना बोलावलंय आणि तो या इमारतीत आहे. शिंपिणीच्या हातातून निसटून पळत आले मी, मागच्या गल्लीतून." मग तिला सोफा दिसला. "मावशी? तुम्ही? वाएल? अगं बाई, गेला की काय तामेर?"

"शेरीन, बस आधी. टाचण्या सांभाळ," दौलत म्हणाली. "तो घरी मॅच बघतोय."

"मग त्याचा फोन इथे काय करतोय?"

याला उत्तर द्यायला कुणालाच फोन उघडावा लागला नाही. नरमीनने वर बघितलं. हाजींनी दार लावलं, परत येऊन खुर्चीत बसले आणि वाएलकडे हात पुढे केला.

"तुमचा कुठला?"

वाएलने दुसऱ्या खिशातून आपला अँड्रॉइड काढला. एका कोपऱ्याला तडा, पाठीवर खडूचा पांढरा हात उमटलेला. हाजींनी तो उलटसुलट करून बघितला, एखाद्या पेटीचा तळ तपासावा तसा.

"हा का ठेवलात तुम्ही?"

"सवय झालीय," वाएल म्हणाला. "एका सिमवर मुलांचे आईबाप, दुसऱ्यावर आई. आईचं नाव मोठ्या अक्षरात समोरच लावलंय. दुसरा घेतला तर पहिले काही दिवस मला माझ्याच घरात पाहुण्यासारखं वाटेल. बाकी काही मोठं कारण नाही."

"मघाशी खरं तर मी तुम्हाला वाटेला लावायच्या बेतात होतो," हाजी म्हणाले. "त्या बाईचा फोन यायच्याही आधी. तुम्ही ते सफरचंद टेबलावर ठेवलंत तेव्हाच."

दौलतचा विश्वास बसेना. "आधीच?"

"बाई, मास्तरचा पगार मला ठाऊक आहे. त्या पगाराचा माणूस एवढी महाग वस्तू टेबलावर मांडतो, म्हणजे एक तर शिकवण्यांत आईबापांना पिळतो, नाही तर दिखाव्यावर जगतो. तीस वर्षं मी बंदरावर हेच बघितलं. म्हणून चहात साखर वाढवली. मला नकार देताना तोंड गोड लागतं."

दौलतला आठवलं की त्या चमच्याला ती खूश झाली होती. तिने डोळे मिटून घेतले.

"आता माझी काही तक्रार नाही," हाजी पुढे म्हणाले. "पण लग्न मला करायचं नाही. नरमीन, तुझं काय ते तू बोल."

शेरीनसुद्धा रडायची थांबली. नरमीनने वाएलला विचारलं,

"फोन आणायची कल्पना कुणाची होती?"

वाएलने आईकडे पाहिलं. दौलतने बोलायला तोंड उघडलं होतंच.

"माझी," तो घाईने म्हणाला. आणि पुन्हा त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

नरमीनने त्या पाळ्यांकडे पाहिलं, मग दौलतच्या उघड्या तोंडाकडे. ती उठली आणि रिकामे कप गोळा करून ट्रेमध्ये ठेवायला लागली.

"बाबा, हे आज दोनदा खोटं बोलले," ती म्हणाली, "आणि दोन्ही वेळा जागच्या जागी पकडले गेले. असा माणूस सांभाळायला सोपा. तुम्ही लग्न ठरल्याची फातिहा वाचा, मी शरबत आणते."